कोलू, कोळसा आणि सौर पॅनेल: कैद्याच्या कष्टांची दोनशे वर्षं



अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात सप्टेंबर २०२१ मध्ये हवामान आणि रोजगार यांच्याविषयी एक मोठा कायदा झाला. राज्यातली वीज २०४५ पर्यंत कार्बनमुक्त करायची, हे त्याचं एक उद्दिष्ट. त्याच कायद्यात एक छोटी तरतूद आहे, आणि आज मला तिच्याविषयी बोलायचं आहे. ज्या कैद्यांची सुटका जवळ आली आहे, त्यांना तुरुंगात असतानाच सौरऊर्जेसारख्या स्वच्छ ऊर्जेच्या कामांचं प्रशिक्षण द्यायचं, अशी ती तरतूद. बातमी म्हणून पाहिलं तर दोन ओळींची गोष्ट. पण तुरुंग आणि ऊर्जा यांचं नातं दोनशे वर्षांचं आहे. ते पाहिल्याशिवाय या तरतुदीचं मोलही कळत नाही आणि तिच्यातला धोकाही कळत नाही.

सुरुवात इंग्लंडपासून करू. १८१८ साली विल्यम क्युबिट नावाच्या इंजिनिअरनं तुरुंगासाठी एक यंत्र तयार केलं, ट्रेडव्हील. लांबलचक लाकडी चाक, त्याला पायऱ्या. कैद्यांनी रांगेत उभं राहून चढत राहायचं. चाक फिरतं, माणूस आहे तिथेच. लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात १८२१ मध्ये अशी चाकं बसली आणि त्यांच्यावर धान्य दळलं जाई. पण बऱ्याच तुरुंगांत त्या चाकाला काहीच जोडलेलं नसे. नुसता पंखा हवेत फिरायचा. कैदी त्याला ‘वारा दळणं’ म्हणत. श्रमातून काही निर्माण व्हावं अशी अपेक्षाच नव्हती; माणूस दमला म्हणजे झालं. १८९८ च्या कायद्यानंतर ही चाकं इंग्लंडमधून हटली.

आपल्याला हे समजायला इंग्लंडला जायची गरज नाही. सावरकर १९११ मध्ये अंदमानला पोचले, तिथला कोलू मराठी माणसाला पाठ आहे. घाण्याला बैल जुंपतात, तिथे माणूस जुंपला होता. दिवसाला तीस पौंड तेल काढायचं. इथे वारा दळायचा नव्हता, तेल निघत होतं. पण तेल सरकारचं. माणसाच्या हाताला त्यातून कुठली विद्या लागली? कुठलीच नाही. बैलाला घाणा फिरवून तेलाचा व्यापार कळत नाही, तसंच.

आता अमेरिकेकडे वळू. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीनं गुलामगिरी संपली, पण एक अपवाद ठेवून: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम चालतील. या फटीतून दक्षिणेकडच्या राज्यांत कैदी भाड्यानं देण्याची पद्धत फोफावली. राज्य सरकार कैदी द्यायचं, कंपनी पैसे भरायची आणि माणूस कोळशाच्या खाणीत उतरायचा. बहुतेक कैदी कृष्णवर्णीय, कित्येक जण किरकोळ आरोपांखाली पकडलेले. ८ एप्रिल १९११ रोजी अलाबामात बर्मिंगहॅमजवळच्या बॅनर खाणीत स्फोट झाला. १२८ माणसं मेली, त्यांतले बहुसंख्य कैदी. तरीही ही पद्धत अलाबामात बंद व्हायला १९२८ साल उजाडलं. म्हणजे त्या काळाला ऊर्जा पुरवणाऱ्या कोळशामागे कैद्याचा घाम होता, आणि प्राणही.

या पार्श्वभूमीवर इलिनॉयकडे बघा. हेही कोळशाचंच राज्य. तिथे २०१६ च्या ऊर्जा कायद्यात सौरऊर्जेच्या प्रशिक्षणासाठी तुरुंगातून बाहेर आलेल्या लोकांचा विचार झाला होता. पण बाहेर आल्यानंतरचा. २०२१ च्या कायद्यानं प्रशिक्षण भिंतीच्या आत नेलं. फरक लहान वाटतो, पण सुटलेल्या माणसाचे पहिले काही आठवडे डोळ्यांसमोर आणा. राहायला जागा नाही, खिशात पैसे नाहीत, ओळखीचे आहेत ते जुन्या धंद्यातले. त्या वेळी ‘आता शिकायला ये’ म्हणणं सोपं आहे, येणं अवघड. शिकून झालेलं असेल तर तो थेट कामावर जाऊ शकतो.

आणि हे काम हमालीचं नाही. छपराचा उतार मोजायचा, सांगाडा पक्का बसवायचा, वायरिंग करायचं, उंचीवर पट्टा बांधून वावरायचं. ऊन आहे तोवर पॅनेलमध्ये वीज तयार होतच राहते, तिला बटण दाबून थांबवता येत नाही. हे ज्याला उमगलं नाही त्यानं तिथे हात घालू नये. म्हणजे यात डोकं लागतं.

तुमच्यातलं कुणीतरी विचारेल, ‘सर, सरळमार्गी पोरं बेकार बसलीत, आणि कैद्यांचे लाड कशाला?’ प्रश्न रास्त आहे आणि जुनाही आहे. टेनेसीत १८९१ मध्ये कोल क्रीकच्या खाणकामगारांनी बंदुका घेऊन उठाव केला, कारण भाड्याच्या कैद्यांमुळे त्यांची मजुरी बुडत होती. पण नीट पाहा, त्यांचं पोट मारलं ते फुकटात राबवलेल्या कैद्यानं. पूर्ण मजुरी घेणारा, कसब असलेला सुटका झालेला माणूस कुणाचा दर पाडत नाही.

धोका वेगळाच आहे. ऊर्जा स्वच्छ झाली म्हणून व्यवहार स्वच्छ होतो असं नाही. अमेरिकेच्या केंद्रीय तुरुंगांच्या उद्योग-महामंडळानं, युनिकॉरनं, कैद्यांकडून सौर पॅनेल जोडून घेतली आहेत. त्या महामंडळातला मजुरीचा दर ताशी २३ सेंट ते १.१५ डॉलर. कोळशाच्या जागी सूर्य आला, हिशेब मात्र ओळखीचाच. कॅलिफोर्नियाचं उदाहरण दुसऱ्या तऱ्हेचं. तिथे कैदी कित्येक दशकं जंगलातले वणवे विझवत आले. पण सुटल्यावर जुन्या शिक्षेमुळे त्यांना अग्निशमन दलाच्या नोकरीसाठी लागणारं प्रमाणपत्र मिळणं जवळपास अशक्य होतं. २०२० मध्ये कायदा करून ती वाट थोडी मोकळी केली. आत शिकवायचं आणि बाहेर दार लावून घ्यायचं, याला प्रशिक्षण म्हणता येत नाही.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे कांट आठवल्याशिवाय राहत नाही. माणसाला केवळ साधन मानू नका, असं तो सांगतो. त्यातला ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा. आपण सगळेच एकमेकांच्या कामी येतो, त्यात गैर काही नाही. चाकावरचा, कोलूवरचा, खाणीतला कैदी मात्र केवळ साधन होता. त्याच्या अंगातली ताकद वापरली आणि त्याला सोडून दिलं. इलिनॉयच्या तरतुदीनं पहिल्यांदाच प्रश्न उलटा केला असं नाही, सुधारक तो पूर्वीपासून विचारत आले. पण ऊर्जेच्या या इतिहासात तो कायद्यात लिहिला जाणं मला मोठं वाटतं.

ती तरतूद यशस्वी झाली की नाही, हे बसवलेल्या पॅनेलांवरून ठरवू नका. सुटकेच्या दिवशी फाटकाबाहेर पडताना त्या माणसाच्या हातात कसब आहे का, आणि समोर ते कसब घेणारं कुणी उभं आहे का, एवढंच तपासा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.