छोटानागपूरची पतसंस्था : गरिबांच्या स्वावलंबनाचा एक इतिहास

महोत्सवाच्या प्रसंगीं आपण आपल्या देवळाचा इतिहास मोठ्या भक्तीनें आठवतों. त्याच वेळीं देवळाभोंवतीं राहणारा गरीब शेतकरी कसा जगला, हेंही पाहणें योग्य होय. ह्या बाबतींत छोटानागपूर मिशनचा इतिहास फार बोधप्रद असल्यामुळें तो वाचकांपुढें थोडक्यांत मांडतों.

रांचीभोंवतालच्या डोंगराळ मुलुखांत मुंडा, उरांव इत्यादि आदिवासी पूर्वापार राहतात. ज्या पूर्वजांनीं रान तोडून शेतें काढिलीं, त्यांच्या वंशजांचा त्या जमिनीवर सामाईक हक्क. ह्यास मुंडा लोक खुंटकट्टी म्हणतात. पुढें बाहेरून जमीनदार व ठेकेदार आले. त्यांच्याजवळ लेखी कागद होते. मुंडांजवळ पूर्वजांच्या समाधिशिळा हाच काय तो पुरावा. शेतें गेलीं, खंड वाढला, वेठबिगार मानेवर बसली, आणि उरलेंसुरलें सावकारानें नेलें. 1875 सालीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं, त्यामागें असेंच दुःख होतें.

1885 सालीं फादर कॉन्स्टंट लीवेन्स हे बेल्जियन येशूसंघीय धर्मगुरु तेथें आले. त्यांनीं कायद्याचा अभ्यास करून लोकांस कोर्टांत आपला हक्क मागावयास शिकविलें. अतिश्रमानें प्रकृति ढासळून ते 1893 सालीं निवर्तले. पुढें 1899-1900 मध्यें बिरसा मुंडा ह्यांचें बंड झालें. 9 जून 1900 रोजीं बिरसा रांचीच्या तुरुंगांत मरण पावले. बंड मोडलें, तरी त्याचें कारण कायमच राहिलें.

फादर योहान हॉफमन ह्या जर्मन येशूसंघीयांनीं तें कारण नीट ओळखलें. मुंडांची भाषा व चालीरीति त्यांनीं अभ्यासिल्या, आणि त्यांची जमीनधारणेची पद्धत सरकारास लेखी समजावून दिली. 1908 च्या छोटानागपूर कूळ कायद्यानें आदिवासींची जमीन परक्यांच्या हातीं जाण्यास बंध घातला. परंतु कायद्यानें जमीन वांचली, तरी पेरणीस बियाणें कोठून आणावयाचें? सावकाराचें दार तेंच!

म्हणून जर्मनींतील रायफायझन ह्यांच्या पतसंस्थांचा कित्ता पुढें ठेवून हॉफमन ह्यांनीं 1909 सालीं रांची येथें कॅथॉलिक सहकारी पतसंस्था स्थापिली. भांडवल सभासदांच्या लहान लहान ठेवींचें. कोण कष्टाळू व कोण उधळ्या, हें दूरच्या कचेरीपेक्षां शेजाऱ्यास अधिक ठाऊक, हें ह्या पद्धतीचें मर्म. तिच्या जोडीला गांवोगांव धान्याचे गोले उभे राहिले. सुगीनंतर प्रत्येकानें कांहीं भात सामाईक कोठारांत घालावें. पावसाळ्याच्या टंचाईंत तें उसनें न्यावें. पीक आल्यावर थोडी वाढ घालून परत करावें. जी वाढ पूर्वीं सावकाराच्या कणगींत जाई, ती आतां गांवाच्या कोठारांत राहूं लागली.

संस्थेची खरी परीक्षा 1915 सालीं झाली. महायुद्धामुळें हॉफमन ह्यांस जर्मन म्हणून देशाबाहेर घालविण्यांत आलें. ते पुन्हां परत आले नाहींत. 1928 सालीं ट्रियर येथें त्यांचें देहावसान झालें. परंतु संस्थापक गेला म्हणून संस्था बुडाली नाहीं. ती दानाच्या पैशावर उभी असती, तर दात्याबरोबरच संपली असती. सभासदांची स्वतःची पै तींत गुंतलेली होती, म्हणून त्यांनीं ती जपली.

आपल्या वसईंत मोन्सिन्योर पी. जे. मोनीस ह्यांनीं 1918 सालीं लाविलेलें पतसंस्थेचें रोप आज बँकेच्या रूपानें वाढलेलें आपण पाहतों. तेंही सभासदांच्याच पैशानें वाढलें.

बंधुभगिनींनो, धर्मगुरु येतात व बदलून जातात, गांव राहतो. पतपेढीच्या, दूधसंस्थेच्या वहींत आपलें नांव असेल. पण वार्षिक सभेस आपण जातों काय? हिशेब विचारतों काय? गरीब सभासदाचें बोलणें ऐकून घेतों काय? ह्या महोत्सवाच्या वर्षीं प्रत्येक कुटुंबानें इतकें केलें, तरी पुढच्या पिढीस देवळाबरोबर एक स्वावलंबी गांवही आपल्या हातून मिळेल. प्रभु आपणांस तशी सुबुद्धि देवो.