'पाटलीण' ते 'सरपंचपती'

ग्रामव्यवस्थेतील स्त्रीपुरुष-भूमिकांचा इतिहास लिहावयाचा तर कायद्यांइतकाच नामांचाही विचार करावा लागतो. 'पाटलीण' म्हणजे पाटलाची पत्नी, 'गवंडीण' म्हणजे गवंड्याची. 'मोलकरीण', 'सुईण' ही नामे कामावरून पडली, हे खरे. परंतु अधिकारपद किंवा मानाची कारागिरी आली की स्त्रीवाचक प्रत्यय काम न सांगता नाते सांगू लागतो. ही केवळ मराठीची रीत नव्हे. आपल्याकडे पतीस 'मालक' म्हणतात. जपानी भाषेतही पतीसाठी 'शुजिन' म्हणजे धनी आणि पत्नीसाठी 'कानाई' म्हणजे घरातली, हे शब्द रूढ झाले.

नांदेड-लातूरच्या संदर्भात १९९३ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरते. त्या वर्षी एप्रिलमध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींतील किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणासाठी पुढे महिला मंडळांतील स्त्रिया 'संवादसहायक' म्हणून नेमल्या गेल्या. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था या कामात होती. शासकीय साहाय्याची माहिती देणे, सुरक्षित बांधकामाची रीत घरमालकांस समजावणे, हे त्यांचे काम. ज्या गावांत गवंडीण बांधकाम करणारी नव्हती, तेथे बांधकामाविषयी बोलण्याचा अधिकार स्त्रीकडे आला. नामातील 'सहायक' हे पद दुय्यमच होते. मात्र त्यात कोणाची पत्नी असणे अभिप्रेत नव्हते.

पंचायतीत हेच घडले. 'सरपंचबाई' म्हणजे सरपंचाची पत्नी नव्हे, ती स्वतः सरपंच. २०११ मध्ये महाराष्ट्रात हे आरक्षण पन्नास टक्क्यांवर गेले. दरम्यान 'सरपंचपती' हा शब्दही रूढ झाला. व्याकरणदृष्ट्या पुरुषाची ओळख येथे पत्नीच्या पदावरून होते. व्यवहारात मात्र पाटलिणीच्या वाट्याला कधी न आलेली सत्ता तो त्या नात्याच्या बळावर भोगतो.

जपानमध्ये परिचारिकेसाठीचा स्त्रीवाचक शब्द २००२ मध्ये कायद्याने बदलून स्त्रीपुरुष दोहोंसाठी एकच शब्द योजण्यात आला. आपल्याकडे कायद्याने पद बदलले आणि समाजाने नवा शब्द घडवून जुना कारभार चालू ठेवला. म्हणून भूमिकांतील परिवर्तन केवळ राखीव जागांच्या संख्येवरून मोजता येणार नाही. 'सरपंचपती' हा शब्द गावाला अनावश्यक वाटू लागेल, तेव्हाच ते पूर्ण झाले असे म्हणता येईल.