दरबाराचे कर्ज आणि आपला मुलूख

नांदेडास महाराजा रणजितसिंहांच्या द्रव्याने गुरुद्वाऱ्याची वास्तू उभी राहत होती, ती 1832 ते 1837 ही वर्षे. त्याच वर्षांत, ज्या निजामाच्या राज्यात नांदेड होते, त्याच्या खजिन्यात खडखडाट होता.

खजिना रिता कोणी केला? पुष्कळ लेखक दिवाण चंदुलालकडे बोट दाखवितात. तो उधळ्या होता हे खरेच. पण मूळ दुखणे निराळे होते. 1800 च्या तहात निजामाने युद्धप्रसंगी फौज पुरवावी एवढेच ठरले होते. त्यातून पुढे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची, शांततेच्या काळीही पोसावयाची 'कंटिंजंट' फौज निघाली. तिचा खर्च सालिना सुमारे 40 लाख!

हा पैसा पामर आणि कंपनी ही हैदराबादची पेढी पुरवी. पेढीतील एक भागीदार रम्बोल्ड याची पत्नी गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या आश्रयाखाली वाढलेली; तेव्हा पेढीला कलकत्त्याचा आशीर्वाद होता. 1820 साली 60 लाखांचे कर्ज ठरले. नवा रेसिडेंट मेटकाफ याने हिशेब तपासला, तो त्यात 8 लाख भागीदारांची निव्वळ बक्षिसी! कंपनी सरकारने शेकडा 6 ने कर्ज काढून पेढीचे देणे भागवावे, असे त्याने सुचविले. हेस्टिंग्ज संतापला. अखेर उत्तर सरकार प्रांताबद्दल मिळणारी सालिना सुमारे 7 लाखांची पेशकश निजामाने कायमची सोडली, तेव्हा पेढीचे देणे फिटले.

या भांडणात कुणब्याचा प्रश्न होता तो असा. चंदुलाल महाल इजाऱ्याने देई. इजारदार आधी भरलेली रक्कम रयतेकडून दामदुपटीने वसूल करी. मेटकाफने गावोगाव जमाबंदी ठरवून तिच्यावर इंग्रज अधिकाऱ्यांची देखरेख बसविली. 1829 साली नासिरुद्दौला गादीवर आला आणि त्याने ती उठविली. परक्यांची ढवळाढवळ त्याला नको होती, यात नवल नाही. पण इजारदार पुन्हा मोकळे झाले. मेटकाफ हिशेबात चोख होता हे मान्य करूनही म्हणावे लागते, की फौजेचा बोजा त्याच्या कारकीर्दीतही उतरला नाही.

1843 साली चंदुलालने राजीनामा दिला. दहा वर्षांनी डलहौसीने थकबाकीपोटी मुलूखच मागितला. 21 मे 1853 च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग–धाराशिवकडील प्रदेश इंग्रजांकडे गेला. लातूर जिल्हा 1982 साली ज्या उस्मानाबाद जिल्ह्यातून निघाला, त्याचा पूर्वज हाच नळदुर्ग जिल्हा. तेथे मेडोज टेलर कारभार पाहू लागला. नांदेड निजामाकडेच राहिले. त्याच वर्षी दिवाण झालेल्या सालारजंगाने पुढे इजारे मोडून पगारी तालुकदार नेमले व 1865 साली जिल्हाबंदी केली.

1860 साली, 1857 च्या निष्ठेचे बक्षीस म्हणून, धाराशिव व रायचूर परत आले आणि सुमारे 50 लाखांचे कर्ज माफ झाले. ज्या देण्यासाठी सात वर्षांपूर्वी दम धरवत नव्हता, ते कलमाच्या एका फटकाऱ्यात पुसले गेले. वऱ्हाड मात्र परत आले नाही. 1902 साली ते कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिले.