प्रिंटरशी बोलण्याचा इतिहास

घरच्या संगणकावरून वायर न जोडता प्रिंट निघू लागली, याचे श्रेय आपण वायफायला देऊन मोकळे होतो. घरात राउटर आला, प्रिंटरमध्ये अँटेना बसली आणि वायर सुटली, एवढाच तो इतिहास मानला जातो. कालक्रम मात्र या समजुतीला साथ देत नाही. ८०२.११बी हे बिनतारी जोडणीचे मानक १९९९ मध्ये आले. सेकंदाला ११ मेगाबिट हा त्याचा कागदावरचा वेग प्रत्यक्षात निम्म्यावर आला तरी मजकुराचे पान पाठवायला तो भरपूर होता. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, म्हणजे कायद्याचीही आडकाठी उरली नाही. तरीही पुढची कित्येक वर्षे घरात बिनतारी प्रिंटर बसवायचा म्हणजे खोक्यातली सीडी शोधायची, नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर टाकायचा, प्रिंटरचा पत्ता हाताने भरायचा आणि राउटरने तो पत्ता बदलला की सगळे पुन्हा करायचे, अशी रीत होती. वायर जाऊनही काम सोपे झाले नाही, कारण मूळ अडचण वायरची नव्हतीच. संगणकाला प्रिंटर सापडला पाहिजे, त्याला काय काय जमते ते विचारता आले पाहिजे आणि पान कसे दिसायला हवे ते त्याला कळेल अशा रीतीने सांगता आले पाहिजे. या तिन्ही बाबतींत यंत्रांची समान बोली ठरायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. बिनतारी छपाई घराघरांत पोचली ती या बोलीमुळे, आणि बोलीची जडणघडण झाली ती वायरीवर.

या कथेचा आरंभ कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात होतो. गॅरी स्टार्कवेदर १९७१ मध्ये तिथे रुजू झाले. झेरॉक्स यंत्राच्या ड्रमवर लेझरच्या किरणाने थेट अक्षरे काढायची, ही त्यांची कल्पना आधीच्या प्रयोगशाळेत वरिष्ठांना पटली नव्हती. इथे तिला वाव मिळाला. त्यातून घडलेला प्रिंटर सेकंदाला एक पान छापू शकत होता आणि त्यामुळे एक नवाच प्रश्न उभा राहिला. एवढे महाग आणि वेगवान यंत्र एकाच संगणकाला बांधून ठेवणे परवडण्यासारखे नव्हते. ते सगळ्यांनी वाटून वापरायचे, तर सगळ्यांचे संगणक त्याला पुरेशा वेगाने जोडले गेले पाहिजेत. त्याच केंद्रातल्या रॉबर्ट मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये ज्या इथरनेटचा आराखडा मांडला, त्यामागे ही निकड होती. या आराखड्याची प्रेरणाही लक्षात घेण्यासारखी आहे. नॉर्मन अब्रामसन यांनी हवाई बेटांवर १९७१ मध्ये अलोहानेट सुरू केले होते. त्यात बेटाबेटांवरची यंत्रे रेडिओवरून एकाच वाहिनीवर बोलत, दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळले तर थोडे थांबून पुन्हा पाठवत. मेटकाफ यांनी ही रेडिओची शिस्त तारेत आणली. म्हणजे बिनतारी संवादाची कल्पना प्रिंटरसाठीच्या जाळ्याच्या पायात पहिल्या दिवसापासून होती. तरीही बिनतारी छपाईला पुढे साडेतीन दशके गेली. रेडिओ हाच खरा अडसर असता, तर हा विलंब समजावून सांगता येणार नाही.

अडसर कुठे होता हे एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतल्या एका प्रसंगातून दिसते. १९८०च्या सुमारास तिथे झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर भेट म्हणून आला. प्रिंटर एका मजल्यावर, माणसे दुसऱ्या मजल्यांवर. कागद अडकला की जाळ्यावर कुणाला पत्ता लागत नसे आणि रांगेतली सगळी कामे खोळंबत. आधीच्या प्रिंटरच्या बाबतीत तिथल्याच रिचर्ड स्टॉलमन यांनी प्रणालीत बदल करून घेतला होता. कागद अडकला की ज्यांची कामे रांगेत आहेत त्यांच्या पडद्यावर सूचना झळके. नव्या प्रिंटरला ते तसे करू शकले नाहीत, कारण त्याच्या प्रणालीचा मूळ मजकूर त्यांना मिळालाच नाही. या प्रसंगातून मुक्त सॉफ्टवेअरचा विचार कसा घडला आणि १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा कशी झाली, हे पुष्कळदा सांगितले जाते. छपाईच्या इतिहासासाठी त्यातली साधी बाब मला अधिक मोलाची वाटते. प्रिंटर जाळ्यावर होता, पण ‘कागद अडकला’ एवढे वाक्य बोलायची ठरलेली रीत त्याच्यापाशी नव्हती, आणि जी काही रीत होती ती निर्मात्याच्या ताब्यात होती.

पानाच्या वर्णनाचा प्रश्न आपल्याला जास्त जवळचा आहे. त्या काळच्या सर्वसामान्य प्रिंटरच्या पोटात अक्षरांचा तयार संच असे. संगणक फक्त अक्षराचा क्रमांक पाठवी आणि प्रिंटर आपल्याजवळचे अक्षर उमटवी. हे संच रोमन अक्षरांचे होते. जोडाक्षरे, वेलांट्या, रफार यांना त्यात जागाच नव्हती, म्हणून मराठीत काही छापायचे तर वेगळी व्यवस्था लागे. आयआयटी कानपूरला सुरू झालेले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे वाढलेले जिस्ट तंत्रज्ञान ही तशी व्यवस्था होती. संगणकात जिस्ट कार्ड बसवले की पडद्यावर आणि कागदावर देवनागरी उमटे. मुळावरचा इलाज मात्र दुसऱ्या बाजूने आला. झेरॉक्समधून १९८२ मध्ये बाहेर पडलेल्या जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी ॲडोबी स्थापन केली आणि पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा आणली. तिच्यात अक्षर म्हणजे क्रमांक नसून रेषा आणि वक्रांनी आखलेला आकार असतो. आकार पाठवता आला की लिपी कोणतीही चालते. पुढे पीडीएफ याच विचारातून निघाले. आज सातबाराचा उतारा किंवा शाळेचा मराठी प्रकल्प कोणत्याही देशात बनलेल्या प्रिंटरवर जसाच्या तसा निघतो, कारण तो प्रिंटरच्या स्वतःच्या अक्षरांवर अवलंबून राहत नाही.

पोस्टस्क्रिप्ट घेऊन ॲपलचा लेझररायटर १९८५ मध्ये आला. किंमत ६,९९५ डॉलर. एका टेबलासाठी ही रक्कम कुणाला परवडणार? म्हणून तो ॲपलटॉकच्या जाळ्यावर अनेकांनी वापरावा अशी योजना होती. ॲपलच्या मॅकिन्टॉश संगणकावर चूझर नावाची चौकट उघडली की जाळ्यावरचे प्रिंटर नावानिशी दिसत. नाव निवडायचे आणि छापायचे. पत्ता भरावा लागत नसे आणि जाळ्याचा कारभार पाहायला स्वतंत्र माणूसही लागत नसे. आज घरचा संगणक ‘प्रिंटर जोडा’ म्हणून जी यादी दाखवतो, ती सोय वायरीवर १९८५ मध्ये वापरात होती.

मग ती घरी यायला पंचवीस वर्षे का लागली? याचे उत्तर किमतीत आहे. लेझररायटरच्या पोटात एक पूर्ण संगणक होता, तो त्याला जोडलेल्या मॅकिन्टॉशपेक्षाही ताकदवान. नव्वदच्या दशकात घरगुती प्रिंटर स्वस्त करायचा, तर ही अक्कल प्रिंटरमधून काढून घरच्या संगणकावर टाकणे हा सरळ मार्ग होता. पान आखायचे काम विंडोजने करायचे, प्रिंटरने फक्त ठिपके उमटवायचे. पण प्रत्येक मॉडेलची ठिपके घेण्याची तऱ्हा वेगळी, म्हणून प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा आणि तो सीडीवर. या घडामोडीला केवळ घसरण म्हणणे अन्यायाचे होईल. प्रिंटर मध्यमवर्गीय घरात आला तो या काटकसरीमुळे. मात्र त्याची किंमत चुकवावी लागली. प्रिंटर आणि संगणक यांची बोली खासगी झाली, आणि ज्याच्याजवळ तो ड्रायव्हर नाही त्याच्यासाठी प्रिंटर मुका झाला. अशा प्रिंटरला अँटेना लावून वायर तेवढी जात होती. मुकेपण तसेच राहत होते.

सार्वजनिक बोली घडवण्याचे काम याच काळात दुसरीकडे चालू होते. इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, म्हणजे आयपीपी, याची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. तो वेबच्याच पायावर उभा आहे. संगणक प्रिंटरला विचारतो की तुला कोणते कागद चालतात, दोन्ही बाजूंना छापता येते का, रंग आहे का, फाइल कोणत्या प्रकारची घेतोस. प्रिंटर उत्तर देतो, काम स्वीकारतो, आणि कागद अडकला तर तसे कळवतो. त्याच वर्षी मायकेल स्वीट यांची कप्स ही छपाईप्रणाली आली. ती आयपीपीवर आधारलेली होती, लिनक्सवर रुजली आणि ॲपलने २००२ मध्ये आपल्या प्रणालीत घेतली. प्रिंटर शोधण्याचा भाग स्टुअर्ट चेशायर यांनी हाती घेतला. त्यांची योजना २००२ मध्येच ॲपलच्या संगणकांत आली आणि आज बॉनजूर या नावाने ओळखली जाते. ती चालते अशी: संगणक २२४.०.०.२५१ या ठरलेल्या पत्त्यावर घरातल्या सगळ्या यंत्रांना उद्देशून एकच प्रश्न टाकतो, आयपीपी बोलणारे इथे कोण आहे? प्रिंटर आपले नाव, पत्ता आणि थोडक्यात कुवत सांगतो. मधे कोणताही मुख्य संगणक लागत नाही. या कामाच्या मानकांबरोबर २०१३ मध्ये जो गरजांचा दस्तऐवज प्रसिद्ध झाला, त्याचा विषयच मुळी ॲपलटॉकच्या नावे शोधण्याच्या रीतीला पर्याय देणे हा आहे. १९८५ची सोय परत मिळवायची आहे, हे कर्त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. मानके कागदावर होती, पण दहा वर्षे घरगुती प्रिंटर बनवणाऱ्यांनी त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही; चक्र फिरले ते एका बलाढ्य कंपनीमुळे. मग श्रेय सहमतीचे की दबावाचे? आक्षेपात तथ्य आहे. एप्रिल २०१० मध्ये आयपॅड आला तेव्हा त्यावरून छापण्याची सोय नव्हती. फोन आणि टॅबलेटवर शेकडो मॉडेलांचे ड्रायव्हर भरणे व्यवहार्य नव्हते, आणि सीडी घालायला जागा तर नव्हतीच. नोव्हेंबर २०१० मध्ये ॲपलने एअरप्रिंट दिले. त्याची अट सरळ होती: ड्रायव्हर नाही, प्रिंटरनेच ठरलेली बोली बोलायची. आयफोन-आयपॅडचे ग्राहक गमावणे कोणत्याही प्रिंटर कंपनीला परवडणारे नव्हते, म्हणून त्यांनी ते मानले. पण मानले काय, हे पाहिले पाहिजे. एअरप्रिंटचा गाभा म्हणजे आयपीपी आणि चेशायर यांची शोधपद्धत. ठिपक्यांच्या फाइलचा एक प्रकार तेवढा ॲपलचा स्वतःचा. गाभा सार्वजनिक असल्यामुळेच २०१३ मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मोप्रिया ही संघटना काढून तीच सोय अँड्रॉइडसाठी उभी केली, आणि त्याच वर्षी आयपीपी एव्हरीव्हेअर हे खुले मानक आले. दबावाने दार उघडले हे मान्य. ते इतरांसाठीही उघडे राहिले ते सार्वजनिक मानकांमुळे.

उलट उदाहरणही समोर आहे. गूगलने २०१० मध्ये क्लाउड प्रिंटची घोषणा केली. त्यात पान घरातून गूगलच्या संगणकांकडे जाई आणि तिथून परत घरातल्याच प्रिंटरकडे येई. दूरवरून छापण्यासाठी ही सोय खरोखर उपयोगाची होती. पण ती एका कंपनीच्या निर्णयावर उभी होती आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली. केवळ तिच्या आधारावर चालणारी घरची व्यवस्था त्या दिवशी थांबली, प्रिंटर ठणठणीत असूनही. आयपीपीला असे एका दिवसात कुणी बंद करू शकत नाही.

दुसरा आक्षेप रोजच्या अनुभवातला आहे. एवढी बोली ठरली, तर प्रिंटर अजूनही ‘ऑफलाइन’ का दिसतो? इथे मात्र रेडिओचा खरा दोष आहे, आणि तो लपवण्याचे कारण नाही. सगळ्यांना उद्देशून टाकलेला शोधाचा प्रश्न वायरीवर बिनचूक पोचतो. वायफायवर अशा संदेशाची पोच कुणी देत नाही. हरवला तर पाठवणाऱ्या राउटरला कळतही नाही. काही राउटर असे संदेश अडवतात, आणि पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या जाळ्यावर यंत्रे एकमेकांना दिसू नयेत अशीच योजना असते. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या मंडळींनी २०२१ मध्ये याच अडचणींवर एक स्वतंत्र दस्तऐवज काढला. यावर घरातला उपाय साधा आहे: संगणक आणि प्रिंटर एकाच जाळ्यावर आहेत ना हे पाहायचे, आणि राउटरमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवायचा. शोध चुकला तरी त्या पत्त्यावर आयपीपी चालते. मोठी उणीव आणखी एका ठिकाणी आहे. प्रिंटर पहिल्यांदा वायफायवर आणण्याची सर्वमान्य रीत अजून नाही. कुठे बटण दाबायचे, कुठे छोट्या पडद्यावर पासवर्ड टिपायचा, कुठे कंपनीचे ॲप उतरवायचे. जिथे समान बोली ठरली नाही, नेमका तिथेच माणूस आजही अडतो.

ड्रायव्हरच्या बाजूनेही एक युक्तिवाद होतो: निर्मात्याच्या ड्रायव्हरमधून यंत्राच्या खास सोयी पूर्णपणे मिळतात, समान बोलीत काही निसटतात. छायाचित्रांची काटेकोर छपाई करणाऱ्यांसाठी हे खरे आहे. घरासाठी त्या सोयींची किंमत फार पडते. ड्रायव्हर संगणकाच्या गाभ्यापाशी मोठे अधिकार घेऊन चालतो. २०२१ मध्ये विंडोजच्या छपाईव्यवस्थेत सापडलेल्या ‘प्रिंटनाइटमेअर’ या दोषात ड्रायव्हर बसवण्याचीच वाट वापरून दुसऱ्याच्या संगणकाचा ताबा घेता येत होता. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने निर्मात्यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून टप्प्याटप्प्याने थांबवण्याची घोषणा केली आणि आयपीपीची वाट मुख्य ठरवली. यात जुन्या प्रिंटरांचे नुकसान होईल ही चिंता रास्त आहे. आपल्याकडे प्रिंटर मोडेपर्यंत वापरला जातो, आणि तसाच वापरला जावा. कप्सचे कर्ते स्वीट यांनी त्या चिंतेवरही काम केले आहे. त्यांची ‘प्रिंटर ॲप्लिकेशन’ची योजना अशी की जुन्या प्रिंटरची खासगी बोली एका छोट्या प्रोग्रॅमने सांभाळायची आणि बाहेर, घरातल्या सगळ्या यंत्रांशी, आयपीपीतच बोलायचे. रास्पबेरी पायसारख्या लहानशा संगणकावरही तो चालतो, त्यामुळे यूएसबीची वायर असलेला दहा वर्षांपूर्वीचा प्रिंटरही फोनच्या यादीत नावानिशी दिसू शकतो.