दर्याचा नारळ

फकिराच्या हातातला काळा, होडीच्या घाटाचा कटोरा म्हणजे कश्कूल. तो दर्याच्या नारळाच्या करवंटीचा असे. हा ताडकुळातला वृक्ष मूळचा सेशेल्सचा, तोही प्रालिन आणि क्यूर्यूझ या दोनच बेटांवरचा. फळ पिकायला सहा-सात वर्षे लागतात. बी पंचवीस किलोंपर्यंत भरते. वनस्पतिसृष्टीत याहून जड बी नाही. ताजे बी पाण्यात बुडते, आतून कुजून पोकळ झाले तरच तरंगते. त्यामुळे मालदीवच्या किनाऱ्याला करवंट्या लागत, रोप मात्र उगवत नसे. साहजिकच झाड समुद्राच्या तळाशी वाढते असे लोक मानू लागले. मालदीवमध्ये सापडलेले फळ राजाच्या मालकीचे. विषावरचा उतारा म्हणून त्याची ख्याती मोठी. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ताने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात त्याची दखल घेतली आहे. १७६८ मध्ये प्रालिनवर झाडेच सापडली आणि गूढ संपले. तरी बीचा आकार स्त्रीच्या कटिभागासारखा, नर-मादी झाडे वेगळी. त्यामुळे वादळी रात्री ती एकमेकांना भेटतात ही सेशेल्समधली दंतकथा टिकून आहे. ब्रिटिश सेनाधिकारी जनरल गॉर्डनला तर प्रालिनवरची या झाडांची दरी बायबलमधले नंदनवनच वाटली होती! आज बी देशाबाहेर न्यायला सरकारी परवाना लागतो. — संपा.