खारपाणपट्टा आणि आकाशातला डोळा

आपल्या भागाला मोजमाप नवं नाही. हिंदुस्थानचा महाकंस मोजता मोजता लॅम्बटन १८२३ साली शेजारच्या हिंगणघाटला वारला. ते मोजमाप राज्यकर्त्यांसाठी होतं. १९७२ मध्ये अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह वर गेला. त्याची चित्रं पुढे विकत घ्यावी लागत. २००८ मध्ये ती सर्वांना फुकट देण्याचं ठरलं. ३० जुलै २०२५ ला इस्रो आणि नासाचा निसार श्रीहरिकोट्याहून उडाला. त्याचीही माहिती खुली. म्हणजे अकोल्या-अमरावतीचा विद्यार्थी पूर्णाकाठचा खारपाणपट्टा घरबसल्या पाहू शकतो.

आम्ही वर्गात प्रत्यक्ष प्रमाण आधी शिकवायचो. विहिरीचं पाणी खारं की गोड, ते उपग्रह चाखत नाही. गावोगाव जाऊन त्याची नोंद आपणच करायची आहे.