वजन घटवताय? झेपेल तोच आहार निवडा

जालना (प्रतिनिधी) : दिवाळीचा फराळ संपतो, लग्नसराई तोंडावर येते आणि शहरातील अनेकांचे चार-पाच किलो वजन उतरवण्याचे बेत सुरू होतात. कोणी भात सोडतो, कोणी साखर, तर कोणी रात्रीचे जेवणच बंद करतो. महिना-दीड महिन्यात काटा खाली येतो. मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत तो पूर्वीच्या जागी, कित्येकदा त्याच्याही पुढे गेलेला असतो. दोष दिला जातो तो इच्छाशक्तीला. प्रत्यक्षात बहुतेक वेळा चुकलेली असते ती आहारपद्धतीची निवड.

दोन वेळा की दर दोन तासांनी?

महाराष्ट्रात 2018-19 च्या सुमारास हा वाद घरोघरी रंगला होता. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांतून प्रेरणा घेतलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे सांगणे असे, की कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच आणि 55 मिनिटांच्या आत जेवावे, गोड टाळावे व रोज 45 मिनिटे चालावे. प्रत्येक खाण्यागणिक शरीरात इन्शुलिन स्रवते आणि ते चरबी साठवण्यास मदत करते, हा त्यामागील युक्तिवाद. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी याउलट थोड्या थोड्या अंतराने, स्थानिक आणि हंगामी अन्न खाण्याचा पुरस्कार केला. दोन्ही पद्धतींनी वजन उतरल्याचे सांगणारे लोक भेटतात, त्यामुळे वाचक गोंधळून जातो.

या गोंधळावर परदेशांतील काही अभ्यास प्रकाश टाकतात. अमेरिकेत 2005 मध्ये 160 जणांवर चार प्रसिद्ध आहारपद्धतींची तुलना झाली. वर्षभरानंतर चारही गटांतील घट साधारण सारखीच होती. ज्यांनी आपली पद्धत नेटाने पाळली, त्यांचे वजन अधिक उतरले होते. 2018 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने 609 जणांमध्ये कमी स्निग्ध आणि कमी पिष्टमय आहारांची तुलना केली, तेव्हाही दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. चीनमधील 139 जणांच्या 2022 मधील अभ्यासात सर्वांनाच उष्मांक कमी करण्यास सांगण्यात आले. त्यांपैकी एका गटाने आठ तासांच्या आतच खायचे होते. वर्षअखेरीस या गटाचे वजन सरासरी 8 किलोंनी, तर दुसऱ्याचे 6.3 किलोंनी घटले. संख्याशास्त्रीयदृष्ट्या हा फरक ग्राह्य नव्हता. तात्पर्य, पद्धतीचे नाव दुय्यम. ती किती काळ पाळली जाते, हे महत्त्वाचे.

उतरलेले वजन परत का येते?

वजन घटते तशी शरीराची ऊर्जेची गरजही घटते आणि भूक वाढते. दूरचित्रवाणीवरील वजन घटवण्याच्या अमेरिकी स्पर्धेतील 14 स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार बहुतेकांचे वजन बरेचसे परत आले होते. तरीही विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 उष्मांक कमी खर्च करीत होते. म्हणूनच आठवड्याला अर्धा किलोच्या आसपासची घट पुरेशी मानावी. सुरुवातीच्या वजनाच्या 5 ते 10 टक्के घटीनेही रक्तदाब व रक्तशर्करेत सुधारणा दिसते.

भाकरीविषयीचे गैरसमज

जालना हा ज्वारी-बाजरीचा मुलूख. ‘पोळी सोडा, भाकरी धरा’ हा सल्ला येथे सर्रास दिला जातो. परंतु ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 330, तर गव्हाच्या पिठात सुमारे 320 उष्मांक असतात. म्हणजेच चार भाकऱ्या खाऊन वजन उतरत नाही. भाकरीचा खरा लाभ वेगळा आहे : ती भाजताना तेल लागत नाही, आणि येथील माणसाला ती आयुष्यभर खाण्याचा कंटाळा येत नाही. एक भाकरी कमी करून त्या जागी मेथी, शेपू किंवा घोळाची भाजी, मटकीची उसळ आणि काकडी-कांदा वाढवणे, हा बदल टिकणारा आहे.

तेलाकडे मात्र काटेकोरपणे पाहावे. एका मोठ्या चमच्यात 120 च्या आसपास उष्मांक असतात. भाजीवरचा तवंग हा पाहुणचाराचा भाग मानला जातो. महिन्याला घरात किती तेल येते आणि खाणारी तोंडे किती, याचा हिशेब केल्यास बरेच काही उमगते. जिल्ह्याची मोसंबी प्रसिद्ध आहे. तीही साखर घातलेल्या रसाऐवजी सोलून खावी. एका पेल्यात तीन-चार फळांचा रस जातो, तंतू मात्र चोथ्यात राहतात.

उपवासाबाबत ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण पुरेशी बोलकी आहे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट; त्यात शेंगदाण्याचे कूट आणि तूप पडल्यावर ताटभर खिचडीचा उपवास साध्या जेवणापेक्षा जड ठरतो.

घर आणि कामाची वेळ

आहार एकट्याचा नसतो. घरातील एकासाठी वेगळा स्वयंपाक करावा लागला, तर तो भार बहुधा गृहिणीवर पडतो आणि दोन महिन्यांत बंद होतो. स्वतः गृहिणीला वजन उतरवायचे असल्यास अडचण आणखी वेगळी : सर्वांच्या मागून जेवायचे आणि उरलेले वाया जाऊ नये म्हणून संपवायचे. अशा घरात मोजून रांधणे व सर्वांनी एकत्र जेवणे, हाच पहिला उपाय. औद्योगिक वसाहतीतील पोलाद कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यास सायंकाळी सातपूर्वीच्या जेवणाचा नियम निरुपयोगी आहे. त्याने पाळीला जाण्यापूर्वी पोटभर जेवावे, मध्यरात्री वडापावऐवजी डब्यातील फुटाणे व ताक घ्यावे आणि दिवसा पुरेशी झोप घ्यावी.

यांनी सावध राहावे

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी परस्पर जेवण वगळू नये. रक्तशर्करा एकाएकी घसरून घाम, थरथर, भोवळ, प्रसंगी बेशुद्धी येऊ शकते. अशांनी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून बदलून घेतल्यावरच जेवणाच्या वेळा बदलाव्यात. गरोदर व स्तनदा माता, वाढीच्या वयातील मुले आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्यासाठी कडक उपासमार वर्ज्यच होय. भारतीय पुरुषांत कमरेचा घेर 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर यांपुढे गेल्यास धोका वाढतो, असे मानले जाते. वजनाइतकेच लक्ष त्याकडेही असावे.

निवडीपूर्वी स्वतःला विचारा

1. हा आहार लग्नात, प्रवासात आणि सणाला पाळता येईल का?
2. त्यातील जिन्नस आपल्या बाजारात, आपल्या ऐपतीत मिळतात का?
3. घरातील इतरांनाही तो चालेल का?
4. डाळी, कडधान्ये, दूध किंवा अंडी यांतून पुरेशी प्रथिने मिळतात का?
5. तीन वर्षांनीही आपण असेच जेवत असू का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तो आहार कितीही गाजलेला असो, आपल्यासाठी नाही. कमी उतरवणारा परंतु पुढच्या दिवाळीनंतरही सुरू राहणारा आहारच अखेरीस अधिक वजन उतरवतो.